नववी बाटली

शिरूर
३ नोव्हेंबर २०२५

आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा होता तसाच आहे. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. शिवाय या कामातलं सगळं कागदावर असावं, असं आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमचं म्हणणं. दुधाचा टेम्पो सोमवार-गुरुवारी तुमच्या वस्तीवरून शिरूरला येतोच. त्याच्याकडे बर्फाची पेटी देत जा. पेटीच्या झाकणाला आतून एक पिशवी चिकटवली आहे, तिच्यात तुझं पत्र टाक. माझंही त्यातूनच येईल.

आता आम्ही बनवलेलं हे मशीन. डब्याएवढं आहे, पण नाजूक आहे. सोबत कार्डं दिली आहेत. कार्डावर केसाहून बारीक नाल्या आहेत. एका टोकाला लघवीचा एक थेंब टाकला की तो आपोआप आत ओढला जातो, वातीत तेल चढतं तसा. लघवीत जंतू असतील तर ते नालीत अडकतात आणि त्यांना एक रंग धरतो. मशीनच्या आत निळा उजेड आहे, त्या उजेडात तो रंग चमकतो, आणि कॅमेरा ती चमक मोजतो. वीस मिनिटांनी हिरवा दिवा लागला तर जंतू नाहीत. लाल लागला तर आहेत.

तू आशाताई म्हणून इतकी वर्षं गरोदर बायकांच्या मागे फिरतेस, तुला वेगळं काय सांगू. लघवीत जंतू झाले तरी कित्येकींना काही कळत नाही, ना जळजळ ना ताप. मग एकदम मूत्रपिंडापर्यंत जातं, थंडी वाजून ताप चढतो आणि दिवस भरायच्या आत कळा सुरू होतात. ते आधी कळावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

उरलेली लघवी त्याच बाटलीत, बर्फावर, इकडे पाठवायची. मी ती इथे ताटलीत पेरते आणि जंतू वाढतात का बघते. त्याला दोन-तीन दिवस लागतात. ताटलीचं उत्तर खरं धरायचं आणि मशीनचं त्याच्याशी ताडून बघायचं, अशी ही परीक्षा आहे. पण ताटलीची वाट बघत बसायचं नाही. लाल दिवा लागला की त्या बाईला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं. हे या तपासणीला परवानगी देणाऱ्या कमिटीला लिहून दिलं आहे.

मामांना नमस्कार सांग.

तुझी
प्रांजल


ठोंबरे वस्ती, ता. दौंड
१३ नोव्हेंबर

चि. प्रांजल,

मशीन पोचलं, पत्र बी पोचलं. सून म्हणून माझ्या घरी आली न्हाईस, मशीन तरी धाडलंस, तेवढंच समाधान. लिहिताना माझं बोलणंच उतरतं कागदावर, तवा हसू नको.

आमचं मालक, तुझं मामा, पेटी उघडल्या उघडल्या नारळ आणाया निघालं. म्हणलं, कुठं? तर म्हणले, ट्रॅक्टर आणला तवा नारळ फोडला, भंडारा लावला, ह्याला का न्हाई? मी म्हणलं, हात लावलात तर याद राखा, ह्ये माझ्या भाचीचं हाय आन् तिच्या कमिटीचं हाय. मग गप बसले, पर तोंड एवढं केलंय.

आज पहिली खेप झाली. सध्या माझ्या वहीत नऊ जणी हायेत. बाटली पदराखाली लपवून आणतात, जणू काही चोरीचा माल. कुशाबाईची सून तर म्हणाली, बाटली सासूच्या हातानं धाडते, मला लाज वाटती. मी म्हणलं, बया, लेकरू बी सासूच्याच हातानं धाडणार हाईस का? मग आली.

आठ हिरवे लागले, एक लाल. लाल पूनमचा. तिला लगोलग केंद्रात नेलं. डॉक्टर मशीनकडं बघून हसले, पर त्येंनी बी त्येंची तपासणी केली आन् गोळ्या दिल्या. पूनमला काय बी होत नव्हतं गं. दोन दिवसांमागं उसाच्या बांधावर खुरपत व्हती.

आता एक जीवाला लागलेली गोष्ट सांगते. आपल्या वस्तीत समदे ठोंबरे, एकच घर मान्यांचं, ज्ञानूचं. त्येची बायको म्हाळसा. दोनदा दिवस राहिले आन् दोनदा गेलं, एकदा सहाव्यात, एकदा सातव्यात. दोन्ही खेपंला आधी ताप आला व्हता. पहिल्या खेपंला समद्यांनी म्हणलं नजर लागली. दुसऱ्या खेपंला मी पुण्याला मोठ्या दवाखान्यात संग गेले, तवा तिथली डॉक्टरीण म्हणाली, लघवीतले जंतू, ह्ये आधी कळाया पायजे व्हतं. आधी म्हंजी कवा, कसं, त्ये सांगितलं न्हाई. आता तिला सहावा सरत आलाय. तुझं मशीन मी तिच्यासाठीच घेतलं, कमिटीसाठी न्हाई. आज तिचा दिवा हिरवा लागला तवा ती मशीनपुढं बसूनच राहिली. म्हणाली, चांगुणाबाई, जरा बसू द्या, चांगलं वाटतंय.

चुलीवर दूध हाय, थांबते.

आत्या


शिरूर
१७ नोव्हेंबर

आत्या,

पूनमच्या ताटलीत जंतू वाढले. बाकी आठ ताटल्या स्वच्छ. नऊपैकी नऊ बरोबर! मॅडमना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

पुढची खेप २७ तारखेला, गुरुवारी. बाटल्या आदल्या दिवशी वाटून ठेव, म्हणजे बायकांना सकाळची पहिली लघवी घेता येईल. १९ डिसेंबरला पुण्यात बैठक आहे. तोवरचे आकडे चांगले असले तर पुढच्या वर्षी पन्नास गावांत मशीन जाईल. मला हल्ली रात्री आकडे दिसतात.

म्हाळसावहिनींचं दोनदा वाचलं. त्यांची बाटली कुठल्याच खेपेला चुकवू नकोस.

प्रांजल


ठोंबरे वस्ती
२७ नोव्हेंबर

प्रांजल,

आक्रीत झालं. नऊच्या नऊ लाल.

पहिला लाल लागला तवा मी म्हणलं असंल. दुसरा, तिसरा. चौथा, पाचवा. देवळापुढं बायका बसल्या व्हत्या, त्यांच्यात रडारड. कुशाबाई म्हणती, ह्या मशीनमुळंच रोग आला, आधी कुठं व्हता? पूनम म्हणती, माझ्या गोळ्या तर कवाच संपल्या, परत कसं? मामा मला हळूच म्हणले, नारळ फोडला असता तर... मी त्येंच्याकडं असं बघितलं की त्ये गोठ्यात निघून गेले.

सांगितल्यापरमाणं समदं केलं. काल चंपाषष्ठी व्हती, देवळात तळी भरायला समद्या जणी जमल्याच व्हत्या, तवा बाटल्या तिथंच वाटल्या. म्हाळसाची तेवढी तिच्या दारात नेऊन दिली. ज्ञानूचा चुलता वारलाय, त्येंना सुतक हाय, त्ये काय देवळाकडं येत न्हाईत. सकाळी समद्यांच्या बाटल्या गोळा केल्या, थेंब टाकले, कार्डं लावली. काय चुकलं मला कळंना.

नऊ जणींना घेऊन केंद्रात गेले. डॉक्टर म्हणले, नऊच्या नऊ? ताई, तुमच्या मशीनला ताप आलाय. शिरूरचा रिपोर्ट येऊ द्या, मग बघू. त्येंचं बी चूक न्हाई, बाहेर पन्नास माणूस बसलं व्हतं. तरी म्हाळसाला फुडं केली, म्हणलं हिला तरी बघा, हिची दोन गेलीत. त्येंनी ताप बघितला, नव्हता. म्हणले, चार दिवसांनं काय बिघडत न्हाई.

तू बिगीबिगी कळव. म्हाळसा नुसती माझ्या तोंडाकडं बघती.

आत्या


शिरूर
१ डिसेंबर

आत्या,

घाबरू नकोस. मशीन खोटं बोललं, आणि का बोललं ते सापडलं.

शनिवारी ताटल्या बघितल्या तर स्वच्छ. मशीन म्हणतं जंतू आहेत, ताटली म्हणते नाहीत. दोन दिवस मी मशीन खोलून बसले होते. काल संध्याकाळी बाटल्या धुवायला घेतल्या तर तळाला पिवळी भुकटी. वास घेतला. तो वास मला सांगायला पुस्तक लागत नाही. आईने माझ्या पर्समध्ये जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी ठेवलेली आहे, ती काढली, चिमूटभर स्वच्छ पाण्यात टाकली आणि तो थेंब कार्डावर सोडला. लाल दिवा!

हळद निळ्या उजेडात चमकते, आत्या. आमच्या रंगासारखीच. कॅमेऱ्याला दोघांतला फरक कळत नाही. आणि मला लाज कशाची वाटली सांगू? मी धनगराची पोर. कपाळाला भंडारा लावल्याशिवाय आईने मला कधी परीक्षेला पाठवलं नाही. चार वर्षं हे मशीन बनवलं, रक्त, साबण, औषधं, चहा, सगळं टाकून बघितलं. हळद टाकून बघायचं सुचलं नाही.

तेव्हा नऊच्या नऊ लाल दिवे हळदीचे. सगळ्यांना सांग, डॉक्टरांनाही सांग. कुणाला काही झालेलं नाही. फक्त एक कळव, बाटलीत भंडारा गेला कसा? तळी भरताना हातांना लागलेला असणार, त्याच हातांनी झाकणं उघडली असणार. तसंच ना? मला अहवालात लिहायचं आहे.

प्रांजल


ठोंबरे वस्ती
४ डिसेंबर

प्रांजल,

तुझं पत्र देवळाच्या ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. कुशाबाई हसून हसून खाली बसली. म्हणली, आमचा मल्हारी काय कमी हाय का, मशीनला बी पिवळं करून सोडलं! मामांचं तोंड पुन्हा फुललंय, म्हणत्यात देवाला इचारलं न्हाई की असं व्हतं.

व्हय, हातालाच असंल भंडारा. तसंच लिही.

म्हाळसाच्या घरी सांजच्याला गेले. ती चुलीम्होरं बसली व्हती, कंबर दुखती म्हणत व्हती. म्हणलं, सातव्यात कंबर दुखणारच. त्यो दिवा हळदीचा निघाला, तू आता घोर करू नको. तर म्हणली, खरं ना चांगुणाबाई? मी म्हणलं, माझी भाची इंजिनेर हाय, तिनं मशीन खोलून बघितलंय. मग तिनं मला गुळाचा चहा पाजला. लाल दिवे लागल्यापासनं मी पयल्यांदा पोटभर जेवले.

आत्या


ठोंबरे वस्ती
१४ डिसेंबर

प्रांजल,

फोन केला न्हाई. तू "आत्या" म्हणली असतीस आन् मला बोलता आलं नसतं.

मंगळवारी म्हाळसाला थंडी वाजून ताप भरला. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत व्हते. बुधवारी पहाटं कळा. दौंडला नेली, तिथनं पुण्याला धाडली. मुलगी झाली. एक किलोला जराशी कमी. काचंच्या पेटीत ठेवली व्हती. काल दुपारी गेली.

म्हाळसा वाचली. तिच्या लघवीत जंतू निघाले, मूत्रपिंडापातुर गेले व्हते, असं तिथले डॉक्टर म्हणले. मला इचारलं, तपासणी झाली नव्हती का? मी म्हणलं, झाली व्हती. मग काय आलं?

आता ऐक. मी तुला खोटं लिहिलं व्हतं. भंडारा हाताला नव्हता लागला. मीच घातला.

चंपाषष्ठीला तळी उचलली, येळकोट झाला, समद्या पोरी पोट घेऊन देवापुढं उभ्या. मला भरून आलं. वाटलं, पोरगं परीक्षेला निघालं की पेनाला भंडारा लावतो, ह्या तर केवढ्या परीक्षेला निघाल्यात. म्हणून बाटली देताना एकेकीच्या बाटलीत मी सवताच्या हातानं चिमूट टाकली. आठ बाटल्या. मामांना नारळाला मी नको म्हणलं आन् मीच ह्ये केलं. तुझं पत्र आलं तवा ओट्यावर समदे हसत व्हते, मी बी हसले. सांगायला तोंड झालं न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणलं.

पर नववी बाटली म्हाळसाची. सुतकाच्या घरी देवाचा भंडारा नेत न्हाईत. तिच्या दारात जायच्या आधी मी गुरांच्या हाळावर हात धुतले, कोपरापातुर, साबण लावून. नवी बाटली पेटीतनं काढली आन् उंबऱ्यावर ठेवली. त्या बाटलीत भंडारा नव्हता, प्रांजल. असूच शकत न्हाई. तुझ्या पत्रात नऊच्या नऊ हळदीचे असं वाचलं तवाच मला ह्ये कळाया पायजे व्हतं. कळलं बी असंल कुठंतरी आत. पर कळलं म्हणलं असतं तर भंडारा कुणी घातला त्ये बी सांगावं लागलं असतं.

पर एक मला उमजत न्हाई. तू लिहिलंस ताटल्या स्वच्छ. मग तिची ताटली कशी स्वच्छ?

चांगुणा


शिरूर
१५ डिसेंबर

आत्या,

तुझं पत्र सकाळी मिळालं. आता दुपार आहे. मधल्या वेळात मी काय केलं ते सांगते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तिची ताटली नव्हतीच. २७ तारखेला टेम्पोत पेटी कलंडली, एका बाटलीचं झाकण सैल होतं, सगळं बर्फात सांडलं. बाटली म्हाळसावहिनींची. पेरायला थेंब उरला नाही. मी आठच ताटल्या पेरल्या. आठही स्वच्छ आल्या, मग हळद सापडली, आणि मी नववीपुढेही "हळद" लिहून टाकलं. सुक्याबरोबर ओलं जळलं. तुला बाटली सांडल्याचं कळवलं असतं तर तू सोमवारच्या टेम्पोने दुसरी बाटली पाठवली असतीस. पण तेव्हा मला बैठक दिसत होती. नऊपैकी आठ तपासल्या आणि एक सांडली, असं तिथे सांगायचं नव्हतं. नऊपैकी नऊ, कारण सापडलं, दुरुस्ती केली. ऐकायला किती छान.

आज सकाळी नऊ कार्डांचे फोटो पुन्हा उघडले. मशीन प्रत्येक कार्डाचा फोटो ठेवतं. आठ कार्डांवर चमक ठिपक्याठिपक्यांची आहे, वेडीवाकडी, जिथे हळदीचा कण अडकला तिथे. नवव्या कार्डावर नालीच्या तळाला सलग रेघ आहे. पूनमच्या कार्डावर होती तशीच. बघितलं असतं तर कुणालाही दिसलं असतं. मी दिव्यांचा रंग मोजला, फोटो उघडले नाहीत.

तू चिमूट टाकलीस त्याने आठ जणींचं चार दिवसांचं हसू गेलं. बाकीचं माझं आहे. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, हिशेब तसाच आहे.

शुक्रवारी बैठकीत हे सगळं सांगणार आहे. बाटली सांडली इथपासून. मॅडमना आत्ताच सांगून आले. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ घातला नाही.

म्हाळसावहिनींना भेटायला मी येऊ का? मला भीती वाटते. तू सांगशील तसं करते.

प्रांजल


ठोंबरे वस्ती
२५ डिसेंबर

प्रांजल,

तू येऊ नको आत्ता. आधी मी जाते म्हणलं, मी तिच्या दारातली हाय.

काल गेले. ज्ञानू कुरकुंभला कामावर गेला व्हता. ती भाकरी थापत व्हती. मी उंबऱ्यातच बसले. समदं सांगितलं. देवळातली चिमूट, सांडलेली बाटली, तुझी ताटली, माझं खोटं पत्र. म्हणलं, म्हाळसा, त्यो लाल दिवा हळदीचा नव्हता. तुझाच व्हता. खरा व्हता. मी तुला खोटा म्हणून सांगितला आन् तुझा चहा पिऊन आले.

तिनं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. उलटली. मला वाटलं आता ही मला उलथनं फेकून मारंल, आन् मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं भाकरी इस्तवाला लावली, फुगली, टोपल्यात ठेवली. मग म्हणली, "मंजी मशीन चांगलं हाय म्हणायचं."

येवढंच बोलली. दुसरी भाकरी थापाया घेतली. मी घरी येऊन मामांपुढं ढसाढसा रडले. त्ये नारळाचं काय बोलले न्हाईत.

बैठकीत काय झालं त्ये लिही.

आत्या


शिरूर
५ जानेवारी २०२६

आत्या,

बैठकीत मी सांगितलं. एक जण म्हणाले, एवढं तपशिलात सांगायची गरज होती का? मॅडम म्हणाल्या, होती. पन्नास गावांचं आता नाही. आधी मशीन दुरुस्त करायचं, मग तुमच्याच वस्तीवर सहा महिने काढायचे, मग बघू.

दुरुस्ती अशी. कार्डावर आता शेजारी आणखी एक नाली आहे, तिच्यात जंतू पकडणारं काहीच नाही. ती नाली चमकली तर ती चमक जंतूंची नाही, दुसऱ्या कशाची तरी आहे. मग पिवळा दिवा लागेल. पिवळा म्हणजे काही धरायचं नाही, बाटली पुन्हा घ्यायची, त्याच दिवशी. मी बारा जातींची हळद टाकून बघितली. बाराही वेळा पिवळा लागला.

आणि एक नियम लेखी झाला. लाल दिवा कुणीही पत्राने, फोनने, तोंडाने खोडायचा नाही. मीही नाही. लाल म्हणजे डॉक्टर. डॉक्टरांशी मी स्वतः जाऊन बोलले, त्यांनी कबूल केलंय.

नव्या पेटीला आतून कप्पे केले आहेत, बाटली आडवी होत नाही. हे सगळं आधीच करता आलं असतं. मला ते सारखं सारखं आठवतं, म्हणून लिहिते.

पुढची खेप १५ तारखेला. बायका येतील का?

प्रांजल


ठोंबरे वस्ती
१५ जानेवारी

प्रांजल,

आल्या. अकरा जणी. तीन नव्या. कुशाबाईची सून नवव्यात हाय, ती बी आली. काल संक्रांत झाली, समद्यांचे हात तिळगुळानं चिकट. मी मशीन देवळापुढं न ठेवता शाळेच्या व्हरांड्यात ठेवलं.

मी खुर्ची लावत व्हते तवा बघितलं तर व्हरांड्याच्या पायरीवर म्हाळसा. तिला काय काम नव्हतं तिथं, तिचं नाव आता वहीत न्हाई. तिनं घरनं बादली आणली व्हती, साबण आणला व्हता, कोरा टॉवेल आणला व्हता. एकेक बाई पायरीशी आली की तिची बाटली बाजूला ठेवायला लावायची आन् हात धुवून घ्यायची. कोपरापातुर. कुशाबाई म्हणली, अगं आता घरनं धुऊनच आल्याय की. म्हाळसा म्हणली, परत धुवा. समद्यांनी परत धुतले. कुशाबाईनं बी धुतले, तिचा काय संबंध नसताना. मला बी धुवायला लावले. मी हात फुडं केले तवा तिनं माझ्या हातावर पाणी घातलं, साबण दिला, आन् नखं बघितली. मी तिच्या तोंडाकडं बघू शकले न्हाई. मग तिनंच टॉवेल दिला.

पिवळा एकबी न्हाई. नऊ हिरवे, दोन लाल. त्यात एक कुशाबाईची सून. केंद्राची गाडी बोलावलीय, दोघींना घेऊन मी निघते. तुझ्या ताटलीसाठी थांबत न्हाई.

म्हाळसा संग येती म्हणली. ती गाडीत बसली बी. अकरा बाटल्या पेटीत हायेत, झाकणं तिनं सवता घट्ट केलीत.

आत्या